बुरशीने ओढलेल्या रेघा

वेंडेल प्रेस्लीला सडकं लाकूड कळायचं. नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरात मेपलची झाडं रगड. पण पडलेला ओंडका ओल्या पाल्याखाली किती मुरू द्यायचा, बुरशीने आत काळ्या रेघा ओढल्या की नेमका कधी उचलायचा, हे त्या खोऱ्यात त्याच्याइतकं कुणालाच साधलं नव्हतं. घाई केली तर लाकूड कोरं, उशीर झाला तर नुसता भुसा. असा ओंडका तो गोठ्यातल्या लेथवर चढवायचा, फिरत्या लाकडाला पटाशी लावायचा आणि कागदासारख्या पातळ कडांचे घट काढायचा.

त्याची बायको लोरीन पूर्वी शाळेत वर्गावर्गाचे फोटो काढायची, आता घटांचे काढायची. मागच्या पडवीत करडा कागद पसरायचा, खिडकीला पातळ कापड लावायचं आणि ऊन कलायची वाट बघायची. कलत्या उजेडात रेघा उठून दिसत. फोटो शहरातल्या दुकानांत पोचले की घट घरात राहत नसत.

एका वसंतात ती असाच एक घट टिपत होती. वेंडेल तो बोटाबोटाने फिरवून देत होता. तिला बारीक शिट्टी ऐकू आली. चुलीवर किटली राहिली असं वाटून ती आत गेली, तर चूल थंड. परत आली तेव्हा कळलं, शिट्टी नवऱ्याच्या छातीतून येत होती.

डॉक्टरांनी छातीचा फोटो बघून सरळच सांगितलं, की बुरशीची धूळ फुफ्फुसात बसलीय, फुफ्फुसं कडक होत चाललीत, हे लाकूड सोडा. काही दिवस त्याने मास्क लावला. मग चष्म्यावर वाफ धरते म्हणून तो खिळ्याला अडकवला, तो अडकवलाच.

"तुला करायचंय ते कर," लोरीन एका सकाळी म्हणाली. "मी फोटो काढणार नाही."

"मग ही भांडी बघणार कोण?"

"कुणी नको बघायला."

तिला वाटलं, गिऱ्हाईक तुटलं की हात थांबेल. थांबला नाही. फळ्या भरल्या, मग जिन्याच्या पायऱ्या भरल्या. तिचा भाऊ आर्विल जेवायला आला की म्हणायचा, या घरात भांड्यांना बसायला जागा आहे, पाहुण्यांना नाही. वेंडेल हसायचा आणि हसताना खोकायचा. आडवं झालं की दम लागायचा, म्हणून आता तो खुर्चीत बसूनच झोपायचा.

पानगळीत एका दुपारी लोरीन कपडे वाळत घालत होती. लेथ चालू होता, पण लाकडाला पटाशी लागल्याचा आवाज नव्हता. नुसती घरघर. ती धावली. वेंडेल भुशात बसलेला होता, ओठ निळे.

तो इस्पितळात असताना तिने आर्विलला बोलावून गोठ्यामागे मुरत ठेवलेले सगळे ओंडके पेटवले. ओलं लाकूड, जळेना, धुमसत राहिलं. वेंडेल नाकाला प्राणवायूची नळी लावून घरी आला, तरी धूर निघतच होता. खिडकीतून बराच वेळ बघून तो म्हणाला, "मधला तयार होता."

एवढंच. पुन्हा तो विषय त्याने काढला नाही. हिवाळ्यात मास्क लावून चेरीच्या सुक्या लाकडाचे साधे वाडगे केले. मक्याचा पाव दोनदा मागून घेऊ लागला, नळीवाचून गोठ्यापर्यंत जाऊ लागला. लोरीनने कॅमेरा बाहेर काढला. वाडग्यांना गिऱ्हाईक नव्हतं, पण तिला त्याचं काही नव्हतं.

बर्फ वितळल्यावर ती रानलसूण काढायला वरच्या जंगलात गेली. ओढ्यापलीकडे पाल्याचा एक ढीग होता, जरा जास्तच नीट रचलेला. तिने पाला बाजूला केला. खाली मेपलचा ओंडका, टोकं करवतीने कापलेली, त्यांवर राखाडी डाग धरलेले. चिखलात दोरीने ओढल्याचा चर होता आणि चराकडेला तिच्या ओळखीच्या बुटांचे ठसे. थोड्या थोड्या अंतरावर माणसाने गुडघे टेकल्याच्या खुणा होत्या.

तिने पाला होता तसा परत घातला.

रात्री तिने बटाट्यांबरोबर लसूण परतली. वेंडेल जेवत होता. श्वास घेण्यासाठी घासाघासाला थांबत होता.

"किती दिवस लागतील त्याला?" तिने विचारलं.

कशाला, असं त्याने विचारलं नाही. "पुढच्या पानगळीपर्यंत. पाऊस बरा झाला तर." मग ताटाकडे बघत म्हणाला, "फोटो काढशील?"

लोरीनने उरलेले बटाटे त्याच्या ताटात वाढले आणि रिकामा तवा घेऊन ती मोरीकडे गेली.