काकांची घडी आणि पाटीलशेठचा सनशेड

कोर्टात तारखा पडत गेल्या, तसे आमच्याकडे किस्से साठत गेले. केस कशाची? पुठ्ठ्याची! गाडीच्या काचेला आतून लावायचा घडीचा सनशेड. पनवेलला हायवेवर काकांचं गाड्यांच्या सामानाचं दुकान. काकांनी पंख्यासारखी घडी शोधली, डिझाइन रजिस्टर केलं, आणि समोरच्या पाटीलशेठने तस्साच सनशेड विकायला काढला. केस हरलो तर धंदा बंद, आणि डिप्लोमा अर्धवट सोडलेला मी पुन्हा घरी, बाबांच्या तोंडासमोर.

*

वकील म्हणाले, "हे पेटंट नाही, डिझाइन आहे." काका म्हणाले, "ते तुम्ही कोर्टात म्हणा. माझा 'पेटंट'चा बोर्ड रंगवून झालाय!"

*

घरातला इंजिनियर मीच, म्हणून ड्रॉइंग माझं. वकिलांनी त्याबरहुकूम पुठ्ठा दुमडला, तो उघडेचना! मी डिप्लोमा सोडला नव्हता, त्यानेच मला सोडलं होतं, हे तेव्हा कळलं. काका मात्र खूष. "बरं झालं. चोरणाऱ्याचे हाल होतील!"

*

पुरावा म्हणून पाटीलशेठचा सनशेड आणायला काकांनी मला गॉगल लावून गिऱ्हाईक बनवून पाठवलं. पाटीलशेठने सनशेड बांधून दिला, चहा पाजला आणि विचारलं, "बिल तुज्या नावान करू का काकाच्या? गॉगल बाकी बेस हाय!"

*

अलिबागच्या कोर्टाबाहेर काकांची फियाट दिवसभर उन्हात. आमचे सगळे सनशेड पुराव्यात जमा! काका रुमालाने स्टिअरिंग धरून बसले, तर खिडकीशी पाटीलशेठ, हातात त्याचा सनशेड. "घ्या ओ, तुमचाच हाय."

*

साक्षीच्या आधी वकिलांनी बजावलं, "नोंदणीआधी जे बाजारात आलं, ते कायद्याला नवं नसतं, नोंदणीच रद्द होते. तेवढं सांभाळा." आमच्या वडीलधाऱ्यांना ऐकून घ्यायची सवय नाही, मान मात्र झकास हलवतात. काकांनीही हलवली, आणि 'घडी आधी आमचीच' हे ठणकावून सांगायला गल्लीतले सगळे म्हातारे टेम्पोत भरून आणले.

पहिलेच रिटायर्ड हेडमास्तर. पाटीलशेठच्या वकिलाने गोड आवाजात विचारलं, "सर, नोंदणीआधी हा सनशेड कधी पाहिला होता?"

"पाहिला?" हेडमास्तर भडकले. "अहो, नोंदणी यांच्या डोक्यातही नव्हती, तेव्हा माझ्या मुलीच्या लग्नात वरपक्षाच्या प्रत्येक गाडीला आहेर म्हणून हाच दिलाय! यांच्याच दुकानातून!"

"आणखी काही विचारायचं नाही," म्हणून तो वकील बसला. आमच्या वकिलांनी चष्मा काढून डोळे मिटले.

काकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "बघितलंस? एका साक्षीत गप्प केला! बोलव पुढच्याला!"