गव्हर्नरसाहेबांच्या ओळखीवर अंबाजोगाई

वडवणीहून अंबाजोगाईला जायचं तर तेलगाव, धारूर, आडस असा रस्ता धरा. धारूरच्या घाटात ज्याला मळमळतं त्याने पुढे बसावं. आमच्या जीपमध्ये पुढची सीट मला मिळाली, कारण मी तज्ज्ञ होते.

झालं असं, की माझ्या भाचीला, आरतीला, अंबाजोगाईचं स्थळ आलं. मुलगा मालवाहू जहाजावर. आरती खूश, पण वहिनीचा नकार. "आठ म्हैने पाण्यात राहणाराला पोरगी द्यायची?" मग भावाला आठवलं, की यजमान वारल्यापासून मी वाचनालयातली पुस्तकं वाचते आणि सध्या एका पोर्तुगीज गव्हर्नरचं चरित्र चालू आहे. आमच्या खानदानात समुद्राबद्दल वाचलेली मी एकटीच. "अक्का सांगल ते फायनल," भाऊ म्हणाला.

निघताना आरतीने माझा हात दाबला. "आत्या, मला पोरगा पसंत हाय. ध्यानात ठिव."

तेलगावला चहा घेतला. गूळ घातलेला मागा, चांगला मिळतो. जीप पुन्हा निघाली तसं चालवणाऱ्या शकीलभाईंनी विचारलं, "तुमचा गव्हर्नर कोन होता, अक्का?"

मी सांगितलं. मिसरूड फुटायच्या आत जहाजावर चढला. लढाया केल्या, जहाजं बुडवली, त्यांतली काही स्वतःची. तरी राजाने त्याला आरमाराचा प्रमुख केलं, मग गव्हर्नर. मग कुणीतरी राजाकडे चुगली केली आणि एक दिवस बंदरात नवा गव्हर्नरच येऊन उतरला.

"तिकीट कापलं," भाऊ म्हणाला.

"पार्टी बदलायची ना मग!" शकीलभाईंना फार वाईट वाटलं.

"अन् बायकू?" मागून वहिनी.

"पोर्तुगालात."

"बघा!" घाट संपेपर्यंत वहिनी गव्हर्नरवर रागावलेली होती.

धारूरला सीताफळं घ्या, पण पिकलेली मांडीवर ठेवू नका. भावाने ठेवली. मुलाच्या घरी तो शेवटपर्यंत मांडीवर टोपी धरून बसला.

अंबाजोगाईत आधी योगेश्वरीचं दर्शन, मग मुलाचं घर. पोहे झाले. सगळे माझ्याकडे बघू लागले. मला पुस्तकाशिवाय काही आठवेना.

"जहाजावर तोफा किती?"

"न्हाईत, काकू. आमी तांदूळ नेतो."

"पुस्तकातल्या खलाशांच्या हिरड्या सुजायच्या. तुमच्या सुजतात का?"

मुलाने बिचाऱ्याने तोंड उघडून दाखवलं. वहिनी उठून जवळ गेली, वाकून बघितलं. "दात चांगले हायेत," तिने कबूल केलं. पण बसता बसता विचारलंच, "आठ म्हैने पोरीनं काय करायचं?"

मुलगा म्हणाला, "रोज फोन लागत न्हाई. खोटं कावून बोलू? पण चार म्हैन्यांसाठी घरी येतो. दर साली."

पुस्तकात गव्हर्नरच्या बायकोला एकच ओळ आहे: तिने वाट पाहिली. ती वाचली तेव्हा मला तिचा हेवा वाटला होता.

"येतो ना परत?" मी म्हणाले. "मग द्या."

 वहिनीने कपातला गार चहा एका घोटात पिऊन मुलाच्या आईला विचारलं, "साखरपुडा कवा धरायचा?"

दिवस मावळायला वडवणीत पोचलो. एका दिवसात होणारा प्रवास आहे; कंबर तेवढी दोन दिवस दुखते. आरती दारातच उभी होती. आधी नाचली, मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "आत्या, ते जहाजावर गेले की मी काय करू गं?"

"वाट बघ," मी म्हणाले. "लई चांगलं काम असतंय."