सहा हुकांचा ब्लाऊज

माफ करणं मला जमत नाही. लहानपणापासून नाही. आई म्हणायची, या पोरीच्या पोटात राग मुरतो, लोणच्यासारखा. म्हणून आधीच सांगून ठेवते, पुढं जे लिहिलंय त्यात मी मोठ्या मनानं कुणाला माफबिफ केलेलं नाही. तसलं वाचायचं असेल त्यांनी इथंच थांबावं.

मला आमवात आहे. नऊ वर्षं झाली. म्हातारपणी गुडघे धरतात तो नव्हे. हा चाळिशीच्या आतच आला आणि हाताच्या बोटांपासून सुरू झाला. शरीर आपल्याच सांध्यांवर उठतं, असं डॉक्टरांनी समजावलं. म्हणजे घरभेदीच म्हणायचा. त्याची एक खोड आहे. तो सकाळचा असतो. जाग येते तेव्हा बोटं मिटलेली ती उघडत नाहीत, मनगटं वळत नाहीत, पाऊल टेकलं की खडीवर टेकल्यासारखं होतं. दोन तास, कधी तीन. मग हळूहळू सांधे सुटतात आणि अकराच्या सुमाराला मी चारचौघींसारखी दिसायला लागते. दुखणं तेव्हाही असतंच, फक्त ते कुणाला दिसत नाही.

आणि लोक मला भेटतात ते अकरा वाजता. मी प्राथमिक शाळेत शिकवते. पूर्णगडच्या अलीकडे रस्त्याला लागूनच आमची शाळा, एस्टीतून उतरलं की समोर फाटक. नवरा मुंबईला नोकरीला, लेक शिकायला पुण्याला, घरात मी एकटी. पहाटे चारला उठायचं, बालदीत गरम पाणी काढायचं, त्यात हात बुडवून बसायचं. मग भिंतीला धरून घरातल्या घरात फेऱ्या. मागे चेन नाही, पुढे हुक नाही असे सैल ड्रेस मी शिवून घेतले होते. एवढं सगळं उरकून अकराला मी फळ्यासमोर उभी. नऊ वर्षं कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. कागदावर आजार होता, मुख्याध्यापक गुरुजींना माहीत होता, बाकी कुणाला त्याचं रूप माहीत नव्हतं. कळलं की लोक औषधं सांगतात. कुळीथ खा, मासे सोडा, निर्गुडीचा पाला बांधा. आणि एकदा बाई आजारी ठरली की तिच्या हातून खडू काढून घेतात, हे मी दुसऱ्या एका शिक्षिकेच्या बाबतीत डोळ्यांनी बघितलेलं होतं.

शाळेत आम्ही तिघं. गुरुजी, मी, आणि माझ्याहून बारा वर्षांनी लहान एक शिक्षिका. तिला इथं ती एवढंच म्हणते. ती रुजू झाली तेव्हा तिला भाड्यानं घर मी बघून दिलं, बाळंतपणात तिचा वर्ग मी सांभाळला. मला बाई बाई करायची. आमच्या वाडीत जयंतीची मिरवणूक निघते तिलाही मीच तिला बोलावलं होतं. मिरवणूक संध्याकाळची. दुपारी मी दुखण्याची एक गोळी जास्त घेतली, पांढरी साडी नेसले आणि बायकांबरोबर लेझमीच्या दोन फेऱ्या खेळले. हो, खेळले. दहा वर्षांपूर्वीपर्यंत मी पुढच्या रांगेत असायचे, मला खेळायचं होतं. तिनं मोबाईलवर सगळं काढलं. बाई, पंचविशीतल्या दिसता, असंही म्हणाली. नंतरचे तीन दिवस मी अंथरुणावर होते. ते तिनं बघितलं नाही आणि मी सांगितलं नाही.

त्या वर्षी शाळेचा पट घसरला. आम्हा दोघींतल्या एकीनं जायचं ठरलं, आणि जायची जागा म्हणजे वर कातळाच्या सड्यावरची वाडी. खाली रस्त्यावर एस्टी सोडते, तिथून पाऊण तासाची पाखाडी. दगडी पायऱ्या, त्याही पावसात शेवाळलेल्या. शाळेत जास्त वर्षं माझी, म्हणून नियमानं नंबर माझा. पण आजारपणाच्या सवलतीत माझं नाव वगळलं गेलं आणि नंबर तिच्यावर आला. ती पाखाडी मला सकाळी चढता आली नसती. एक दिवस नाही. म्हणजे नोकरी सोडणं आलं, हे सरळ होतं.

पंधरा दिवसांनी मला सुनावणीचं पत्र आलं. माझा आजार फक्त कागदावरचा आहे अशी तक्रार आलेली होती, सोबत व्हिडिओ. गुरुजींनी मला बाजूला घेऊन तक्रार करणारीचं नाव सांगितलं. त्यांना वाटलं मी रडेन. मी डबा उघडला आणि जेवले. गोड बोलून केसानं गळा कापणं म्हणतात ते हे, एवढंच मनात आलं. तिची मुलगी तीन वर्षांची होती, सासू अंथरुणाला खिळलेली, सड्यावरून घरी यायला तिला अंधार झाला असता. ते मला माहीत होतं. तिनं येऊन सांगितलं असतं तर मी काय केलं असतं कोण जाणे. ती आली नाही. ती रोज माझ्यासमोर बसून माझ्या डब्यातली भाजी खात राहिली, आणि मी वाढत राहिले, कारण मला कळलंय हे मला तिला कळू द्यायचं नव्हतं.

सुनावणीच्या आदल्या आठवड्यात सावर्ड्याला तीन दिवसांचं निवासी प्रशिक्षण होतं. एका वसतिगृहात सोय, दोघींना एक खोली. मी यादी करणाऱ्या सरांना फोन करून सांगितलं, आम्ही एका शाळेच्या, आम्हाला एकत्र ठेवा. मग कपाट उघडलं. सैल ड्रेस एकही घेतला नाही. तीन साड्या घेतल्या, आणि लग्नातल्यासारखे घट्ट, पुढून सहा हुकांचे तीन ब्लाऊज. पहाटे चारचा गजर बंद करून टाकला. बॅग भरताना मी गुणगुणत होते.

पहिल्या सकाळी ती सहाला उठली, तोंड धुऊन आली. मी पडूनच. तिला म्हटलं, जरा उठवतेस का गो मला? तिला गंमत वाटली, लाड करून घेताय म्हणाली, आणि माझा हात धरून ओढायला गेली. मी ओरडले नाही, पण तोंडातून जो आवाज निघाला तो ऐकून तिनं हात सोडला. मग खांद्यांखाली हात घालून बसवलं. मग मी एकेक काम सांगत गेले. नळ सोड. पेस्ट लाव. केस विंचर. नेहमी मी ही कामं तासभर झगडून स्वतः करते. त्या दिवशी झगडलेच नाही. शेवटी ब्लाऊज चढवून दिला तिनं, आणि हुक. सहा. तिचं तोंड माझ्यापासून वीतभर लांब होतं. ती हुकांकडेच बघत होती, मी तिच्याकडे. एक हुक चुकीच्या काजात गेला, सगळे काढून पुन्हा लावावे लागले. मोबाईल कुठं ठेवलायस, आत्ता काढ की व्हिडिओ, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. अकरा वाजता मी प्रशिक्षणाच्या हॉलमध्ये उभी राहून गटाचा अहवाल वाचला, खणखणीत. ती मान खाली घालून वहीत काहीतरी गिरवत होती.

ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. मला ती म्हण खोटी पाडायची होती. माझं जळतंय ते तिला कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी मात्र माझ्याच पायाखालची जमीन सरकली. घरी मी कमोड बसवून घेतलेला आहे. वसतिगृहात उकिडवं बसायचा संडास, हे एवढं ठरवताना माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. बसले ती उठता येईना. धरायला कडी नाही, भिंत ओली. वीसेक मिनिटं मी तिथं होते. हे काही सुडात धरलेलं नव्हतं. शेवटी दाराची कडी कशीबशी कोपरानं सरकवली आणि तिला हाक मारली. ती आत आली. काखेत हात घालून तिनं मला उचललं, पाणी ओतलं, कपडे सावरले. मला भयंकर राग आला होता. तिच्यावर, माझ्यावर, त्या वसतिगृह बांधणाऱ्यावर, सगळ्यांवर.

तिसऱ्या सकाळी मी डोळे उघडले तर ती माझ्या आधी उठलेली. स्वयंपाकघरातून गरम पाण्याची बालदी आणून खाटेशी ठेवलेली. मी न सांगता तिनं माझे हात त्यात सोडले आणि पाण्याखाली एकेक बोट चोळायला लागली. तिच्या हाताला चांगली ऊब होती. बरं वाटलं. हे लिहायलासुद्धा मला संताप येतो, पण बरं वाटलं. नऊ वर्षांत माझे हात दुसऱ्या कुणी हातात घेतले नव्हते. नवऱ्यानंसुद्धा नाही, तो बिचारा दुखेल म्हणून घाबरतो.

खाली बघत तीच म्हणाली, "बाई, तक्रार मी केली होती."

"माहीत आहे."

तिचे हात थांबले. मग म्हणाली, "मी मागे घेते. आजच लिहून देते."

"अजिबात मागे घ्यायची नाही," मी म्हटलं. "सुनावणीला यायचं आणि इथं बघितलंस ते तुझ्या तोंडानं सांगायचं. सगळ्यांसमोर. आता हुक लाव."

तिनं लावले. रडत लावले, आणि मला फार समाधान झालं. खोटं कशाला बोलू?

सुनावणी दुपारी दोनची. टेबलापलीकडे तीन पुरुष आणि एक बाई, अलीकडे गुरुजी, दोन संघटनेवाले, मी आणि ती. दुपार असल्यामुळे मी ताठ चालत आत गेले. तिला विचारल्यावर ती उभी राहिली आणि म्हणाली, व्हिडिओ खरा आहे पण तक्रार खोटी आहे. तेवढ्यावर बसली असती तर माझं काम झालं होतं. पण मीच सांगितलं होतं ना, सगळं सांग म्हणून. तिनं सगळं सांगितलं. नळ, वेणी, हुक. मग संडास. किती वेळ अडकले होते, कशी उचलली, काय काय धुतलं. मनापासून सांगत होती, डोळ्यांतून पाणी गळत होतं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. कानशिलं पेटली होती. जे नऊ वर्षं भिंतींनासुद्धा सांगितलं नव्हतं, ते त्या चार अनोळखी माणसांसमोर आणि गुरुजींसमोर पडलेलं होतं, आणि ते तिथं मीच मागवलेलं होतं.

सवलत कायम झाली. माझी हीच शाळा राहिली. टेबलापलीकडच्या मोठ्या साहेबांनी स्वतः उठून माझी खुर्ची मागे ओढली. मग तिच्याकडे वळून म्हणाले, चूक कबूल करायला मोठं मन लागतं. मोठं मन! माझ्या संडासाची गोष्ट सांगून मोठं मन तिचं झालं.

आठ दिवसांत तालुकाभर झालं. प्रशिक्षणाला गेले की बायका पाण्याच्या बाटलीचं झाकण आपणहून उघडून देतात आणि आवाज बारीक करून बोलतात. एकीनं निर्गुडीचा पाला पाठवला. गुरुजी एका सकाळी म्हणाले, बाई, आता फळ्यावर तुम्ही नका लिहू, मुलांना वहीत सांगा. आणि हात पुढे केला, खडूसाठी. मी खडू दिला नाही. त्यांच्याकडे असं बघितलं की पुन्हा तो विषय निघालेला नाही. अक्षर वाकडं येतं हल्ली, येऊ दे. मुलांना वाचता येतं.

ती जूनमध्ये सड्यावर गेली. मी निरोप समारंभाला पेढे आणले, भाषण केलं नाही. दिवाळीच्या सुट्टीच्या आधी तिचा फोन आला. सकाळी सहाला. ती वेळ तिला आता ठाऊक आहे, म्हणूनच तेव्हा केला असणार. उशीवर मोबाईल वाजत राहिला, कसाबसा मनगटानं स्पीकर लागला. कशा आहात विचारलं. मी खरं सांगितलं, बोटं मिटलेली आहेत, अजून दोन तास उघडणार नाहीत. मग ती म्हणाली, शाळा चांगली आहे, मुलं गुणी आहेत, मुलगी मात्र संध्याकाळी मी पोचेपर्यंत रडून झोपलेली असते. मग पाखाडीचा दम अजून आवाजात असल्यासारखी म्हणाली, "बाई, चढताना रोज तुमची आठवण येते."

"येऊ दे," मी म्हटलं. "मलाही रोज सकाळी तुझ्या हातांची येते, आणि मी तुला माफ केलेलं नाही."