पेस्ट जाड लावून मिळेल

स्टीलच्या पेल्यात गरम पाणी, त्यात उभी केलेली पेस्टची नळी आणि पेल्यावर पालथा ठेवलेला त्याचा तळहात. त्याचं काम असं सुरू व्हायचं. बघणाऱ्याला वाटावं, हा चहा झाकून बसलाय.

"जरा ऊब लागू द्या ताई," तो म्हणायचा. "थंडीत लई अडून बसती ही."

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. कॉम्प्युटरच्या पोटात प्रोसेसर नावाची एक चौकोनी चकती असते. सगळा विचार तिच्यात चालतो, म्हणून ती तापते. तिची उष्णता ओढून घ्यायला वर धातूचा ठोकळा आणि पंखा बसवलेला असतो. चकती आणि ठोकळा यांच्यात फट राहू नये म्हणून मध्ये राखाडी पेस्ट लावतात. उष्णता बाहेर पडली नाही, की मशीन तापतं आणि आपणहून बंद होतं.

तो वापरायचा ती पेस्ट घट्ट होती, कालवलेल्या सिमेंटसारखी. ऊब मिळाली की तो तिचा एक लपका चकतीवर टाकायचा आणि प्लॅस्टिकच्या कापलेल्या तुकड्याने, मनगट वळवून, एका फेरात पसरायचा. कडेला निसटलेलं अलगद टिपून घ्यायचा. त्या तुकड्याला तो थापी म्हणायचा, कारण त्याचे वडील नेरे गावात गवंडी होते. हिंजवडीच्या बाजूला शेतांच्या जागी ज्या इमारती उठल्या, त्यांतल्या कितीतरी भिंतींचा गिलावा त्यांच्या हातचा. शाळेच्या सुट्ट्यांत हाही त्यांच्याबरोबर पहाडावर, म्हणजे बांबूंच्या परांचीवर, चढलेला.

थर जाड व्हायचा. हे मी लपवणार नाही. पेस्ट पातळ लावावी असं मी वाचलं होतं आणि वाचलेलं सांगितल्याशिवाय मला राहवत नाही, म्हणून त्याला सांगितलंही होतं.

"पुस्तकातलं बरोबर हाय," तो म्हणाला. "पण हात बापाचा हाय."

लवळ्याच्या टेकडीवरच्या एका कॉलेजात मी ग्रंथपाल आहे. तो तिथे कंत्राटावर कॉम्प्युटर सांभाळायचा. माझ्याकडची मशीन सगळ्यांत जुनी, म्हणून त्याच्या सगळ्यांत जास्त फेऱ्या माझ्याकडे. पुस्तकबांधणीच्या खोलीत बसून भाकरी खाताना तो म्हणायचा, तुमचं बरं आहे, पुस्तकं बंद पडत नाहीत. मी म्हणायचे, वाचणारे बंद पडलेत. यावर तो दरवेळी नव्याने हसायचा.

डूख धरावा तर त्याने. कॅन्टीनवाल्याने एकदा त्याला शिळा वडा दिला. त्यानंतर त्याने तिथला वडा कधी खाल्ला नाही. पण चहा मात्र रोज तिथेच, काउंटरला टेकून. शेजारी कुणी वडा घेतला, की हा अगदी काळजीच्या सुरात विचारायचा, "ताजा हाय ना, इचारलं का?" कॅन्टीनवाला हात जोडायचा, फुकट खा म्हणायचा. याचं उत्तर एकच. "मी काय विसरत न्हाई."

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. आपण त्याला हसतो. मीही हसत असे.

मग कॉलेजला तपासणीसाठी समिती आली. अशा वेळी काय काय होतं ते तुम्ही पाहिलं असेल. दारात रांगोळी, कुंड्यांना गेरू, न चालणाऱ्या घड्याळात नवे सेल. विभागप्रमुख सरांच्या मनात आलं, की लॅबमधल्या टेबलांखालच्या वायरी वाईट दिसतात. त्यांनी मंडपवाल्याकडून डाळिंबी रंगाचं सॅटिन मागवलं आणि प्रत्येक टेबलाला जमिनीपर्यंत झालर लावून घेतली, लग्नातल्या जेवणाच्या टेबलांना असते तशी. मशीन सगळी त्या झालरींच्या आत.

त्याने आधीच सांगितलं होतं. आत हवा खेळत नाही, तापतील, निदान मागची बाजू मोकळी ठेवू. सर म्हणाले, तासाभराचा तर प्रश्न आहे.

समिती लॅबमध्ये आली तेव्हा उन्हाळ्याची दुपार होती. विद्यार्थी काम दाखवायला लागले आणि कॉम्प्युटरचे पडदे एकामागून एक काळे होत गेले. समितीतल्या कुणीतरी विचारलं, हे काय. सरांनी क्षणभर झालरीकडे पाहिलं. शेजारी उभ्या असलेल्या शिपायाने ते पाहिलं आणि मला सांगितलं, म्हणून मी हे लिहू शकते. मग सर त्या विचारणाऱ्याकडे वळून हसले आणि म्हणाले, "आमच्या माणसाने पेस्ट अशी थापलीय, जसा भिंतीला गिलावा. काय करणार, गवंड्याचा मुलगा आहे."

समिती हसली. विद्यार्थी हसले. हसण्यात प्रसंग निभावून गेला.

संध्याकाळी झालरी उतरल्या. त्याने मला वर बोलावून घेतलं आणि लॅबमधलं प्रत्येक मशीन माझ्यादेखत चालू केलं. एकही बंद पडलं नाही. सगळीकडे पंख्यांची घरघर, आणि मध्ये तो, हात मागे बांधून.

"बघा ताई. तीच पेस्ट."

दुसऱ्या दिवसापासून त्याला येऊ नको म्हणून सांगण्यात आलं. मी त्याच्यासाठी बोलायला गेले. सर मला म्हणाले, तुम्ही पुस्तकांचं बघा.

शेजारच्या माण गावात ज्यांच्या शेतात आता भाड्याच्या खोल्या उभ्या आहेत, अशांपैकी एकाने त्याला चांगला मोठा गाळा देऊ केला होता. आयटीतली गिऱ्हाइकं पायाशी. त्याने तो नाकारला आणि टेकडीच्या रस्त्यावर, रिक्षास्टँडसमोर एक अरुंद गाळा घेतला. कारण विचारल्यावर त्याने बोटाने रस्ता दाखवला. गाळ्याच्या अगदी पुढ्यात ग्रामपंचायतीने घातलेला गतिरोधक होता, चांगला उंच. सरांची गाडी रोज याच रस्त्याने जायची आणि इथे हळू होण्यावाचून तिला इलाज नव्हता.

मग बोर्ड लागला. पिवळ्यावर काळी अक्षरं: गवंडी कॉम्प्युटर्स. खाली लाल रंगात: पेस्ट जाड लावून मिळेल.

पोरं बोर्ड वाचून हसत आत येत आणि असं नाव का म्हणून विचारत. तो नळी पाण्यात ठेवायचा आणि ऊब लागेपर्यंत गोष्ट सांगायचा. मंडपवाल्याकडून त्याने त्याच सॅटिनचा एक तुकडा मिळवला होता. जुनी, वाळलेली पेस्ट तो त्या तुकड्याने पुसायचा. नवी पेस्ट पसरायची थापी त्याने कॉलेजच्या ओळखपत्रातून कापून काढली होती. "कार्ड परत मागितलं न्हाई त्यांनी," तो म्हणायचा. "बरं झालं." थापीवर त्याच्या फोटोतला एक कान आणि अर्धा गाल शिल्लक होता. गोष्ट संपेपर्यंत मशीन तयार व्हायचं. पुढच्या वर्षीपर्यंत टेकडीवरच्या सगळ्या हॉस्टेलांत सरांचं नाव झालर सर पडलं होतं. ते त्यांच्या कानावर गेलं, तेव्हा मी ग्रंथालयात बसून पेढा खाल्ला.

याने त्याचं समाधान झालं असेल असं तुम्हाला वाटेल. नाही झालं. त्याला फक्त एक वाक्य हवं होतं, तेही सरांच्या तोंडून. ज्या तोंडाने बोलले त्याच तोंडाने.

एकदा ती वेळ आली. मी माझा लॅपटॉप घ्यायला गाळ्यावर गेले होते आणि सर आले. काखेत लॅपटॉप, तो सारखा बंद पडत होता. दुसऱ्या दिवशी कुठे तरी मोठं भाषण होतं आणि पुण्यात कुणी तातडीने करून देईना.

"काय रे, बरं चाललंय ना?"

"बसा सर."

त्याने पेल्यात पाणी ओतलं, नळी ठेवली, तळहात पालथा घातला. लॅपटॉप उघडला. डाळिंबी कापडाने चकती पुसली. सरांची नजर त्या कापडावर गेली आणि तिथून रस्त्यावर गेली. मग याने थापीवर पेस्टचा लपका घेतला आणि हात तसाच वर धरला.

"सर, एवढं बोला. कापडामुळं बंद पडली, पेस्टमुळं न्हाई. ताई हायेत, तेवढी साक्ष बास."

सर हसले. "अजून तेच धरून बसलायस? जुनी गोष्ट झाली ती."

"तुमची झाली."

"अरे, लाव ना आता."

"बोला, मग लावतो."

सरांनी फोन काढला, काहीतरी वाचल्यासारखं केलं, परत खिशात ठेवला. घाम आला होता त्यांना. मला वाटलं, बोलतात. पण ते म्हणाले, "तसाच बंद करून दे."

त्याने एकेक स्क्रू नीट बसवला. लॅपटॉप दोन्ही हातांनी पुढे केला. "बिनपेस्टचा हाय, चालू करू नका," एवढं सांगितलं. गाडी गेल्यावर थापीवरची पेस्ट त्याने माझ्या लॅपटॉपला लावली. वाया कशाला घालवायची, म्हणाला.

"एवढं पण जड गेलं. बोलंल कधीतरी. मी हितंच हाय."

तो तिथे राहिला नाही. एका सकाळी गाळ्यातल्या खुर्चीतच त्याच्या छातीत कळ आली. शेजारचा रसवंतीवाला धावला तेव्हा उशीर झाला होता. मी पोचले तेव्हा त्याला घरी नेलं होतं. टेबलावर पेला होता, पाणी गार झालेलं, नळी आत उभी.

नेऱ्याला त्याच्या पुण्यानुमोदनाच्या कार्याला मी मागच्या रांगेत बसले. बुद्धमूर्तीपुढे मेणबत्त्या होत्या. भन्ते म्हणाले, मनातला द्वेष सोडावा. मी प्रयत्न केला. खरंच केला. मग त्याच्या बायकोने सांगितलं, की कॉलेजात श्रद्धांजलीची सभा ठेवली आहे, सरांनी स्वतः फोन केला होता.

सर आता संचालक झालेत. सभागृह भरलं होतं, कारण टेकडीवरच्या पोरांपैकी निम्म्यांची मशीन त्याच्या हाताखालून गेलेली. व्यासपीठावर टेबल, टेबलावर त्याचा फोटो आणि हार. आणि टेबलाला जमिनीपर्यंत डाळिंबी सॅटिनची झालर.

सर बोलले. तो आमच्या कुटुंबातला होता, म्हणाले. त्याच्या हातात कला होती, वडिलांकडून आलेली. बायको पहिल्या रांगेत मान खाली घालून ऐकत होती. त्यानंतर, ग्रंथपालांनी दोन शब्द बोलावेत, असं सांगण्यात आलं.

माझा आवाज लहान आहे. आयुष्य मी शांतता राखा या पाटीखाली काढलं आहे. मी व्यासपीठावर गेले आणि त्याच्या बायकोला वर बोलावून फोटो तिच्या हातात दिला. मग खाली वाकून झालरीच्या टाचण्या एकेक करून काढल्या. वेळ लागला. कापडाची घडी घालून मी ती सरांच्या मांडीवर ठेवली आणि माईकपाशी आले. समितीची ती दुपार मी सांगितली, आणि ती संध्याकाळ. मग म्हणाले, "सर, तो तुमच्याकडे एक वाक्य मागत होता. ते तुम्हाला माहीत आहे."

सर पुटपुटले, "हो, कापड होतं."

"माईकवर," मी म्हटलं.

मागून कुणीतरी पोरगं म्हणालं, "माईकवर, सर." मग आणखी कुणी.

सर उठले. मांडीवरची घडी सावरावी की टाकावी, हे त्यांना कळेना, म्हणून ती हातात घेऊनच माईकपाशी आले. "त्या दिवशी मशीन कापडामुळे बंद पडली होती."

ते वळणार इतक्यात त्याची बायको फोटो छातीशी धरून म्हणाली, "आन् पेस्टमुळं?"

"नाही. पेस्टमुळे नाही."

तिने उघड्या टेबलावर फोटो ठेवला आणि हार सारखा केला.

अशा वेळी माणसाचं मन हलकं होऊ नये असा संकेत असावा. माझं झालं. त्या रात्री मला छान झोप लागली.

पण ज्याने ऐकायचं तो फोटोत होता. ही गोष्ट मला दोन दिवसांनी समजली आणि तेव्हापासून ती समजतेच आहे.

गाळ्यात आता चष्म्याचं दुकान आहे. भाड्याने देताना बायकोने एकच अट घातली, बोर्ड हलवायचा नाही. चष्मेवाल्याने आपली पाटी त्याच्या खाली लावली आहे, आणि लोक आत येऊन विचारतात, पेस्ट कसली. मी तिला म्हटलं होतं, आता सर बोललेत, काढायचा का बोर्ड?

"बोलले ते खरं," ती म्हणाली. "पण ह्यांनी कुटं ऐकलं? ऱ्हाऊ द्या."

संध्याकाळी मी रिक्षाची वाट बघत समोर उभी असते. सरांची गाडी टेकडीवरून येते. काचा वर केलेल्या असतात. गतिरोधकापाशी ती हळू होते, बोर्डासमोर तिचं तोंड खाली झुकतं, वर येतं, मग मागची चाकं उतरतात. गाडी पार निघून जाईपर्यंत मी आलेल्या रिक्षात बसत नाही.