आईच्या डोक्यावरचं खापर

कारेगावच्या कंपनीत आज आमच्या लाइनचा माल रिजेक्ट झाला. मीटिंगला जाताना संगीता कुजबुजली, "खापर आपल्याच डोक्यावर फुटणार बघ." मला एकदम आमच्या गोठ्यातला ओल्या शेणाचा वास आला.

मी सहा वर्षांची होते. म्हशीचं रेडकू दगावलं आणि आई घाबरून म्हणाली, "आता समदं खापर माझ्याच डोक्यावर फुटणार." आमच्याकडे एकच खापर होतं, कोंबड्यांना पाणी ठेवायचं, फुटक्या माठाचं बूड. आजोबा शेतातून यायच्या आत मी ते शेवाळलेलं खापर कडब्याच्या गंजीत लपवलं.

आईला कळलं तेव्हा तिनं मला पोटाशी धरलं. "ते खापर लपवता येत न्हाई गं," ती म्हणाली.

साहेबांनी माझं नाव घेतलं. उठताना माझा हात डोक्यावर गेला होता.