राजम्याची वाटी

घमापुरातल्या आमच्या शेजारच्या वहिनी माणसांशी मराठीत बोलतात आणि मिक्सरशी हिंदीत. तो अडला की त्याला थोपटत म्हणतात, “चलो भैया, थोडा और.” त्या दिवशी त्यात उकडलेला राजमा, लसूण, भाजलेले तीळ आणि लिंबाचा रस होता.

डॉक्टरांनी त्यांच्या नवऱ्याला, म्हणजे आमच्या भाऊंना, शेव बंद करायला सांगितली होती. वहिनी वाद घालत नाहीत. मी त्यांच्याकडे मॅच पाहायला गेलो, तेव्हा त्यांनी भाऊंपुढे शेवेची वाटी ठेवली, शेजारी राजम्याची, आणि काकडी-गाजराचे काप.

“ये तो मरीजों का खाना है,” भाऊ म्हणाले.

“मग शेव खा नं. मी कुठं अडवून राहिली?”

वहिनी मॅचकडे पाठ करून वाट्यांकडे बघत बसल्या. भाऊंनी उगाच एक काप बुडवला. मग दुसरा. मॅच संपायच्या आत त्यांनी राजम्याची वाटी बोटानं पुसून काढली.

“अजून आहे काय?”

वहिनी हसल्या नाहीत. उठल्या, तशीच राहिलेली शेव पिशवीत भरली आणि माझ्या हातात दिली.

“घेऊन जा तुम्ही. यांना नाही लागत आता.”