शेवंतीला ताण

आता माझ्या अंगणात फुलं म्हणावीत अशी तीनच ठिकाणी उरली आहेत. कुंपणाशी सदाफुली आहे, जिला मारायचं म्हटलं तरी ती मरत नाही. नळाजवळ गुलबक्षी आहे. नळ गळतो म्हणून ती जगली, माझं त्यात काही कर्तृत्व नाही. आणि पायरीजवळ तेलाच्या जुन्या डब्यात आईची शेवंती आहे. तिला या वर्षी सहा फुलं आली. मोजायला फार वेळ लागत नाही, तरी मी रोज सकाळी मोजते.

आठच्या सुमाराला ऊन पायरीवर येतं. तेव्हा मी चहाचा कप आणि प्लास्टिकची खुर्ची घेऊन बाहेर बसते. कामावर निघालेला नवरा म्हणतो, "सहा फुलं पाहाले एवढा वेळ?" त्याला गुलाब आणि वांगं यांतला फरक फळ धरल्यावर कळतो, त्यामुळे त्याच्या बोलण्याचं मी मनावर घेत नाही. ही शेवंती नर्सरीतली नाही. फूल रुपयाच्या नाण्याएवढं, पिवळं, मधे जरा हिरवट. वास थोडा कडू. हाताला लागला की दुपारपर्यंत राहतो. थंडी वाढली की ही फुलंही जातील, आणि मग होळीपर्यंत अंगणात सदाफुली सोडून नुसती माती. म्हणून शेवटची फुलं मी अधाशासारखी पाहून घेते.

मी काही मोठी बागवाली नाही. पांढुर्ण्यात घर बांधलं तेव्हा समोर बारा फूट बाय आठ फूट जागा उरली, तिला मी बाग म्हणते. दोन वर्षांपूर्वी शाळेतून रिटायर झाले आणि चौथीच्या वर्गावर ओरडायचा आवाज कुंड्यांवर आला. नर्सरीचे तीन गुलाब मी माझ्या हातानं मारले आहेत. एकाला खत जास्त झालं, बाकीच्या दोघांचं काय झालं ते मला आजही माहीत नाही.

शेवंती मात्र माझी नव्हे, आईची. लोधीखेड्याला माहेरच्या अंगणात तिचा मोठा वाफा होता. आई वैशाखात गेली. तेरवी झाल्यावर भाऊ म्हणाला, अंगणात टाइल्स बसवतो, मातीनं घर फार खराब होतं. त्याचंही खोटं नव्हतं, झाडू त्याच्या बायकोला मारावा लागे. वाफ्यातला एक फुटवा मातीसकट उपटला, तेलाच्या डब्यात लावला आणि बसमध्ये मांडीवर घेऊन आले. पुढच्या महिन्यात टाइल्स बसल्या. म्हणजे आईची शेवंती या जगात त्या एका डब्यातच राहिली. ती जगावी, आणि आई नसलेल्या पहिल्या वर्षी फुलावी, एवढंच मला हवं होतं. दुसरं काही मी या वर्षी देवाकडे मागितलं नाही. मुलीचं बाळंतपणसुद्धा मी डॉक्टरांवर सोडलं होतं.

बाळंतपणासाठीच दसऱ्यानंतर मला नागपूरला जावं लागलं. तोपर्यंत शेवंती कळ्यांनी भरली होती. नवरा सकाळी आठला कामावर जातो तो सातला येतो. मग घरात उरले मामाजी, म्हणजे माझे सासरे. वय शहाऐंशी. सावरगावच्या पुढे त्यांचा संत्र्याचा बगीचा होता. सासूबाई गेल्या आणि पुढच्या दोन वर्षांत बगीचाही गेला. झाडं एकेक करून वाळली, शेवटी मुळासकट काढावी लागली. तेव्हापासून ते आमच्याकडे राहतात. जेवतात, पेपर वाचतात, विचारलं तर बोलतात. मी त्यांना लोटा दाखवून सांगितलं, "मामाजी, रोज एक लोटा पाणी. झेंडूला, कुंड्यांतल्या शेवंत्यांना आणि या डब्याला."

ते म्हणाले, "मले शिकवून राहिली का, सुनबाई?" त्या दिवशी त्यांना कित्येक दिवसांनी हसताना पाहिलं.

नागपूरला नात झाली. गोरीपान, रडकी. तिच्या गडबडीतही मी रोज संध्याकाळी घरी फोन लावायची आणि पहिला प्रश्न तोच, "शेवंती उमलली का?" मामाजी म्हणायचे, "नाही उमलली." दुसऱ्या दिवशी पुन्हा, "उमलली का?" "नाही बा." त्यांच्या गुडघ्याचं मी एकदाही विचारलं नाही. जेवण वेळेवर होतं का, हेही नाही. हे मला आज आठवतं, तेव्हा आठवलं नाही. एकदा फोनवर ते म्हणाले, "तू फिकर नोको करू. तू येशीन तवा फुलानं लदलेलं दिसंल." मला वाटलं, म्हातारं माणूस धीर देतंय.

कार्तिकी पौर्णिमेनंतर सकाळच्या गाडीनं परत आले. ऑटोतून उतरले, फाटक उघडलं आणि बॅग हातातच राहिली.

झेंडू वाळून काडी झाला होता. कुंड्या सावलीतून काढून रांगेनं भर उन्हात मांडल्या होत्या. प्रत्येक कुंडीतली वरची माती उकरून बाजूला केलेली, मुळं उघडी. पायरीजवळ आईचा डबा. त्यातल्या शेवंतीची पानं ओल्या फडक्यासारखी लोंबत होती आणि शेंड्याच्या कळ्या तपकिरी झाल्या होत्या. मामाजी पायरीवर काठी घेऊन बसले होते. मला पाहून उठले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर आनंद होता.

"मामाजी, पानी काऊन नाही टाकलं?"

"आठ दिवस झाले, बंद केलं. ताण देऊन राहिलो."

ज्यांच्याकडे संत्रा नाही त्यांना हे सांगायला हवं. आमच्या भागात बहार धरायच्या आधी संत्र्याचं पाणी तोडतात. महिना-दीड महिना झाड तहानलेलं ठेवायचं, बुंध्याजवळची माती उकरून मुळांना ऊन दाखवायचं. पानं मलूल होतात, काही गळतात. आता आपलं काही खरं नाही असं झाडाला वाटायला लागलं की हळूहळू पाणी सुरू करायचं. मग झाड पानं दिसणार नाहीत इतकं फुलतं. याला ताण म्हणतात. कुणी किती दिवस ताण दिला यावर इथे चहाच्या टपरीवरही वाद होतात. मामाजींनी साठ वर्षं तेच केलं. फूल येत नाही म्हटल्यावर त्यांना दुसरं काय सुचणार होतं? मी रोज विचारत होते, उमलली का, उमलली का. त्यांनी उमलवायला घेतली.

पण हे शहाणपण आत्ताचं. त्या वेळी माझं डोकं फिरलं. मी बॅग फेकली, नळाखालची बालटी भरली आणि झेंडूवर, कुंड्यांवर भडाभडा ओतत सुटले. दुसरी बालटी भरून डब्याकडे वळले तर मामाजींनी कडी धरली.

"यात नोको. एकदम पानी टाकलं तर मुळं सडते. हळूहळू ताण तोडा लागते."

"सोडा!"

"सुनबाई, आयक माहं."

मी ऐकलं नाही. मी बोलले. "असंच पानी तोडून तोडून तुम्ही बगीचा मारला असंल. आता माह्या आईचं झाड मारलं."

तीस वर्षं शिकवताना मी मुलांना पुष्कळ बोलले आहे. पण बोलताक्षणी शब्द परत तोंडात घ्यावासा वाटला तो हाच. मामाजींनी बालटी सोडली नाही. शेवटी मीच सोडली आणि आत निघून गेले.

थोड्या वेळानं डबा घासत नेल्याचा आवाज आला. खिडकीतून पाहिलं. हे शहाऐंशी वर्षांचं माणूस मातीनं भरलेला डबा दोन्ही हातांनी ओढत जिन्याखालच्या सावलीत नेत होतं. तिथे ठेवून त्यांनी उकरलेली माती मुळांवर परत सारली, हातानं हलकी दाबली आणि अर्धा लोटा पाणी कडेकडेनं सोडलं. मी मदतीला गेले नाही. माझा राग अजून पुरता उतरला नव्हता, आणि जो उतरला होता त्याच्या जागी लाज आली होती. लाज आली की मी रागापेक्षाही वाईट वागते.

त्या दिवसापासून मामाजी ताट खोलीत मागू लागले. डब्याला सकाळी अर्धा लोटा पाणी, दोन दिवसांनी पाऊण, मग एक. मधल्या वेळात डब्याशेजारी खुर्ची. माझ्या बालटीनं न्हालेल्या कुंड्यांचं चारच दिवसांत काय झालं ते सांगते. त्यांतल्या विकत आणलेल्या दोन शेवंत्या बुडाशी काळ्या पडल्या आणि आडव्या झाल्या. झेंडू आधीच गेला होता. डब्यातल्या शेवंतीची पानं मात्र पाचव्या दिवशी उभी राहिली. मामाजींनी वाळलेले शेंडे नखानं खुडून टाकले. खाली, पानांच्या बेचक्यात, काही कळ्या हिरव्या उरल्या होत्या.

माफी मागायची म्हणजे मागायची, त्यात काय एवढं? पण मला जमेना. मग जे बायका करतात ते केलं. वांगी भाजून भरीत केलं, ज्वारीची भाकर केली, वर मिरचीचा ठेचा. ताट खोलीत नेलं. मामाजींनी सगळं खाल्लं आणि म्हणाले, "मीठ बरोबर हाय." दुसऱ्या दिवशी झुणका. तोही संपला. आठवडाभर मी रांधत होते आणि ते खात होते, आणि बोलायचं ते तसंच पडून होतं. नवरा म्हणाला, "घरी काही सण हाय का?"

पहिली कळी उमलली ती मार्गशीर्षात. मग एक दिवसाआड एक. गेल्या आठवड्यात सहावं फूल उघडलं तेव्हा मी स्वतः डबा जिन्याखालून काढून पायरीजवळच्या उन्हात आणला. आतून मामाजींना हाक मारली, त्यांच्यासाठीही खुर्ची मांडली. दोघं बसलो. ऊन फुलांवर होतं. मी चहा दिला आणि त्यांच्याकडे न बघता एका दमात बोलून टाकलं, "मामाजी, त्या दिवशी मी बगीच्याचं बोलले, ते चुकलं माझं. मला माफ करा."

त्यांनी चहाचा एक घोट घेतला.

मग म्हणाले, "पानी तोडून नाही मेला बगीचा. पानी देऊन मेला."

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"तुही सासू दवाखान्यात होती ना, त्या साली ताण द्याचा टाइम आला, अन् मले देनं नाही झालं. रोज दवाखान्यात जावो. ती पानी मांगे, डाक्टर घोटभराच्या वर देऊ नोका म्हणे. तिचे ओठ सुकून राहायचे. तिथून सांजच्याले बगीच्यात आलो का वाटे, एक जीव तिकडं पान्यासाठी तरसून राहिला, आता याहिले कायले तरसवा? मोटर चालू करून बसून राहो. ती गेली, तरी पानी देतच गेलो. लोकं सांगत, बंद कर. मी आयकलं नाही. मुळंच सडले." कप त्यांनी खाली ठेवला. "तू म्हणली ते उलटं होतं, सुनबाई. पन माह्याच हातानं गेला, हे खरं हाय."

घरात कुणालाच हे माहीत नव्हतं, माझ्या नवऱ्यालाही नाही. बगीच्यावर रोग पडला, असंच आम्ही सगळ्यांना सांगत आलो होतो. सासूबाईंच्या त्या महिन्यात मी शाळा सांभाळून दवाखान्यात डबे पोचवत होते, आणि हे माणूस संध्याकाळी एकटं बगीच्यात मोटर लावून बसत होतं. मी खुर्ची जवळ ओढली आणि त्यांचा हात हातात घेतला. सुनेनं सासऱ्याचा हात धरायची आमच्याकडे रीत नाही; चौतीस वर्षांत मी फक्त त्यांच्या पाया पडले होते. त्यांनी हात सोडवून घेतला नाही.